झिओ झोपमापक चालू ठेवण्यासाठी: नव्याने हाती घेणाऱ्यांकरिता मार्गदर्शन

कपाळावर पट्टा बांधून झोपेचा आलेख काढणारे झिओ हे यंत्र 2009 मध्ये बाजारात आले आणि 2013 पर्यंत ते बनवणारी अमेरिकी कंपनी बंद झाली. कंपनीबरोबर तिचे संकेतस्थळ गेले, सुट्या पट्ट्यांची विक्री थांबली आणि दुरुस्तीची सोयही संपली. तरीही ही यंत्रे आजवर हातोहात फिरत आहेत, कारण मनगटावरची बहुतेक उपकरणे हालचाल आणि नाडी यांवरून झोपेचा अंदाज बांधतात, तर झिओ कपाळाच्या त्वचेवर उमटणारे सूक्ष्म विद्युत संकेत प्रत्यक्ष मोजते. त्या संकेतांत मेंदूच्या लहरी असतात, डोळ्यांच्या हालचाली असतात आणि स्नायूंचा ताणही असतो. या सर्वांवरून यंत्र जाग, हलकी झोप, गाढ झोप आणि रेम अर्थात स्वप्नांची झोप अशा चार अवस्था ठरवते.

असे जुने यंत्र हाती आले की बहुतेक जण ते लगेच जोडतात, पडदा उजळला की खूश होतात आणि त्या रात्रीचा आलेख अर्धवट आला की यंत्र बिघडले असे समजून बाजूला ठेवतात. माझा अनुभव वेगळा आहे. आतले इलेक्ट्रॉनिक्स सहसा शाबूत असते. सर्वांत आधी निकामी होतो तो पट्टा, त्यानंतर बॅटरी, आणि सर्वांत शेवटी मुख्य यंत्र. म्हणून दोष शोधताना संशयही याच क्रमाने घ्यावा. त्याआधी एक काम मात्र अवश्य करावे, ते म्हणजे यंत्रात आधीपासून असलेली माहिती सुरक्षित बाहेर काढणे.

आपल्याकडे कोणता प्रकार आहे?

झिओचे दोन प्रकार आढळतात. पहिल्यात उशाजवळ ठेवायचे, घड्याळासारखे दिसणारे यंत्र असते. पट्ट्यावर बसणारी, संकेत मोजणारी लहान डबी त्याच्याशी बिनतारी बोलते, अवस्थांचा आलेख याच यंत्राच्या पडद्यावर उमटतो आणि नोंदी एसडी कार्डावर साठतात. 2011 मध्ये आलेल्या दुसऱ्या प्रकारात उशाजवळचे यंत्र नाही. तेथे पट्टा ब्लूटूथने फोनशी जोडला जातो आणि सर्व काही फोनमधल्या अॅपच्या आधाराने चालते.

निवड आपल्या हाती असेल तर डोळे झाकून पहिला प्रकार घ्यावा. त्याला जगण्यासाठी ना सर्व्हर लागतो, ना अॅप, ना खाते. स्वतःचे गणित स्वतः करणारे आणि नोंद स्वतःजवळ ठेवणारे उपकरण कंपनी गेल्यानंतरही चालते. ज्याचे गणित दूरच्या सर्व्हरवर होते ते सर्व्हर बंद झाल्याच्या दिवशीच संपते, मग यंत्र कितीही नवे असो. 2017 मध्ये हॅलो या कंपनीचे सेन्स नावाचे झोपमापक असेच थांबले. उशाजवळ ठेवायचा तो गोळा आणि त्याचे सेन्सर धडधाकट होते, पण ज्याच्यावर तो विसंबून होता ती सेवाच उरली नाही. यापुढचे बहुतेक विवेचन म्हणूनच उशाजवळच्या प्रकाराविषयी आहे. फोनवरच्या प्रकाराविषयी शेवटाकडे लिहिले आहे.

पहिली पायरी: कार्डाची प्रत

यंत्र विजेला जोडण्यापूर्वी त्यातील एसडी कार्ड काढावे. कार्डाच्या कडेला लिहिण्यापासून रोखणारी लहान खटकी असते, ती बंद बाजूस सरकवावी आणि मगच कार्ड संगणकात घालावे. कार्डावर झेडईओस्लीप डॉट डॅट या नावाची फाइल सापडेल. सगळ्या रात्रींच्या नोंदी तिच्यात असतात. तिची प्रत संगणकावर घ्यावी, प्रतीच्या नावात त्या दिवसाची तारीख जोडावी आणि आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. यंत्र पुढेही याच नावाची फाइल वापरते, त्यामुळे तारीख जोडली नाही तर महिन्याभराने नवी प्रत जुन्या प्रतीवर बसते आणि काय गेले हे कळतही नाही. संगणकाने कार्ड फॉरमॅट करायचे का असे विचारले तर नकार द्यावा. मी एकदा घाईत होकार दिला होता आणि आधीच्या मालकाच्या दोन वर्षांच्या रात्री पुसून टाकल्या होत्या. त्यांनी त्या मागितल्या तेव्हा काय सांगावे हे मला सुचेना.

कार्ड खराब असेल तर बदली कार्ड घेताना मोठ्या क्षमतेचा मोह टाळावा. मूळ एसडी प्रकारची कार्डे 2 जीबीपर्यंतच असतात आणि त्यापुढे 32 जीबीपर्यंतची कार्डे एसडीएचसी या वेगळ्या प्रकारची असतात. दोन्हींचा आकार सारखा असला तरी आतली मांडणी निराळी असल्यामुळे जुन्या उपकरणांना नवा प्रकार अनेकदा वाचता येत नाही. 2 जीबी किंवा त्याहून लहान कार्ड फॅट या फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट करून वापरणे सर्वांत निर्धोक ठरते. एका रात्रीची नोंद इतकी लहान असते की अशा कार्डाला जागा अपुरी पडण्याचा प्रश्न येत नाही.

कार्ड परत बसवण्यापूर्वी ती खटकी पुन्हा उघडायला विसरू नये. कार्ड आहे पण सकाळी नोंद नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण निघते.

दुसरी पायरी: वीज आणि बॅटरी

जुन्या यंत्रासोबत मूळ अडॅप्टर असेलच असे नाही. दुसरा अडॅप्टर वापरायचा असेल तर यंत्राच्या तळाशी छापलेला व्होल्टेज आणि पिनेच्या आतबाहेरच्या ध्रुवांचे चिन्ह ही दोन्ही तंतोतंत जुळली पाहिजेत. अडॅप्टरची अँपिअर क्षमता मात्र छापलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त असली तरी चालते. पिन बसते म्हणून अडॅप्टर चालेल असे गृहीत धरणे महागात पडते.

यंत्र सुरू झाले की आधी घड्याळाची वेळ आणि तारीख लावावी. नोंदींवर हीच तारीख उमटते, आणि चुकीच्या तारखेच्या रात्री नंतर जागेवर बसवणे फार किचकट असते. वीज गेली असेल त्या दिवशी झोपण्यापूर्वी घड्याळ पुन्हा पाहावे.

आता पट्ट्यावरची डबी. तिच्यात पुन्हा चार्ज होणारी लहान बॅटरी असते आणि पट्टा उशाजवळच्या यंत्रावरच्या जागेत ठेवला की ती चार्ज होते. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेली बॅटरी पूर्ण रिकामी झालेली असते, त्यामुळे पहिल्यांदा डबी दिवसभर चार्जिंगवर ठेवावी आणि पहिले काही तास तिच्यावर लक्ष असू द्यावे. डबी गरम होत असेल, तिच्या जोडावर फट पडली असेल किंवा ती फुगल्यासारखी वाटत असेल तर चार्जिंग तत्काळ थांबवावे. फुगलेली लिथियम बॅटरी टोचू नये, दाबू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा संकलनाकडे तिची विल्हेवाट लावावी.

चार्जिंग होते, पण पहाटे तीन-चारच्या सुमारास आलेख तुटतो आणि पुढची सकाळ कोरी राहते, असे दर रात्री होत असेल तर बॅटरीची क्षमता ओसरली आहे असे समजावे. आलेख रोज वेगवेगळ्या वेळी तुटत असेल तर दोष बहुधा बॅटरीचा नसून पट्ट्याचा असतो. हा फरक लक्षात ठेवला तर डबी विनाकारण उघडण्याची वेळ येत नाही.

बॅटरी बदलावीच लागली तर जुनीवर छापलेला व्होल्टेज, तिची लांबी, रुंदी व जाडी आणि तारांचे ध्रुव कागदावर लिहून घ्यावेत, उघडण्यापूर्वी आणि उघडल्यानंतर छायाचित्रे काढावीत आणि संरक्षक सर्किट आधीच जोडलेली बॅटरीच निवडावी. दोन्ही तारा एकाच वेळी कापू नयेत. कात्रीच्या पात्याने त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि ठिणगी पडते. आधी एक तार कापून तिच्या टोकाला चिकटपट्टी लावावी, मगच दुसरी कापावी. सोल्डरिंगचा सराव नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

तिसरी पायरी: पट्टा

सगळे गाडे अडते ते येथे, म्हणून या पायरीवर थोडे थांबू.

पट्ट्याच्या आतल्या बाजूला, कपाळाला टेकणाऱ्या भागात, चांदीचा मुलामा दिलेल्या कापडाचे तीन तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा मागच्या बाजूने एका टिचबटणाला जोडलेला असतो. डबी या टिचबटणांवरच बसते. कपाळावर मिळणारा संकेत मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो. गाढ झोपेत ज्या संथ लहरी दिसतात, त्यांची उंची प्रयोगशाळेच्या नियमांनुसार 75 मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त असावी लागते, म्हणजे एका व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले पंचाहत्तर. एवढ्या क्षीण संकेताच्या वाटेत कापडावरची मळाची पातळ पुटही धोंड ठरते. घाम, त्वचेचे तेल आणि रोजची घासाघीस यांमुळे चांदी हळूहळू निघून जाते, आणि म्हणूनच कंपनी पट्टा साधारण तीन महिन्यांनी बदलायला सांगत असे. आज हाती येणारा पट्टा दहा वर्षांहून जुना असतो. तो थकलेला निघाला तर त्यात नवल नाही.

पट्टा टाकून देण्यापूर्वी तो तपासावा. मल्टिमीटर हे वीज मोजायचे उपकरण ओहमवर, म्हणजे रोध मोजण्यावर लावावे, एक टोक टिचबटणाच्या धातूवर आणि दुसरे टोक त्याच्याच कापडावर, त्वचेला टेकणाऱ्या बाजूने, आडवे दाबून धरावे. टोक कापडात खुपसू नये. कापड चांगले असेल तर काही ओहम इतकाच रोध दिसतो आणि आकडा स्थिर राहतो. आकडा शेकड्यांत जात असेल, किंवा टोक इकडेतिकडे सरकवताच उड्या मारत असेल, तर चांदी झिजली आहे. त्यानंतर शेजारशेजारच्या दोन तुकड्यांवर टोके ठेवून पाहावे. तेथे जोडणी दिसता कामा नये. कडेचे सुटलेले रुपेरी धागे एका तुकड्यावरून दुसऱ्यावर गेले की संकेत तेथेच मरतो, आणि हा दोष नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.

झीज कमी असेल तर स्वच्छता पुरते. डबी काढून बाजूला ठेवावी, सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात मऊ कापड बुडवून व पिळून रुपेरी भाग हलक्या हाताने पुसावा, साध्या पाण्याने पुन्हा पुसावा आणि सावलीत वाळवावा. ब्लीच, चांदीची भांडी उजळवण्याची पावडर आणि ब्रश यांपासून दूर राहावे. भांड्यावरची चांदी जाड असते, कापडावरची केवळ मुलाम्याइतकी असते, आणि उजळवण्याच्या नादात उरलेली चांदीही निघून जाते.

झीज जास्त असेल तर नवा पट्टा शिवावा लागतो. हे काम वाटते तितके अवघड नाही. यासाठी चांदीचा मुलामा असलेले विद्युतवाहक नायलॉन कापड लागते. अंगावर घालायच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्यांसाठी ते विकले जाते. तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा असलेली कापडेही स्वस्तात मिळतात, पण ती घ्यायची नाहीत, कारण निकेलने अनेकांच्या त्वचेला पुरळ येते आणि तांबे घामाने हिरवे पडते. जुना पट्टा कागदावर पसरून त्याची बाह्यरेषा, तिन्ही तुकड्यांची जागा आणि टिचबटणांमधली अंतरे नेमकी उतरवून घ्यावीत. बटणांची अंतरे मिलिमीटरभर जरी चुकली तरी डबी एका बाजूने उचललेली राहते, म्हणून शक्य असेल तर जुन्या पट्ट्याचीच बटणे काढून वापरावीत, निदान डबीवर घालून पाहिलेल्या मापाचीच नवी घ्यावीत.

शिवताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. बटणाचा धातू रुपेरी कापडाच्या आरपार जाऊन त्याला घट्ट धरून बसला पाहिजे. तेथे गोंद लावू नये, कारण गोंद विणीत झिरपतो आणि वीज अडवतो. तुकड्यांच्या कडा दुमडून साध्या धाग्याने शिवाव्यात, म्हणजे धागे सुटणार नाहीत, आणि दोन तुकड्यांमध्ये बोटभर नसली तरी स्पष्ट दिसेल इतकी मोकळी जागा राहू द्यावी. आणि बटणांचा क्रम उलटू नये. तीनपैकी दोन जागांमधल्या विद्युतदाबाचा फरक मोजला जातो आणि तिसरी आधारासाठी असते. मागचे इलॅस्टिक सैल झाले असेल तर तेही आताच बदलावे. पट्टा घट्ट असावा, पण सकाळी कपाळावर वळ उमटेल इतका नको. शिवून झाल्यावर मल्टिमीटरची वरची परीक्षा पुन्हा घ्यावी.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. पट्टा बॅटरीवर चालतो आणि मुख्य यंत्राशी बिनतारी बोलतो, त्यामुळे डोक्याला लागलेला भाग घरातल्या विजेपासून पूर्णपणे तुटलेला राहतो. ही सुरक्षा मोडेल असा कोणताही प्रयोग करू नये. बॅटरी टिकत नाही म्हणून पट्ट्याला अडॅप्टरची तार जोडून झोपणे किंवा चार्ज होत असलेला पट्टा डोक्यावर घालणे जिवावर बेतू शकते.

चौथी पायरी: पहिल्या काही रात्री

झोपण्यापूर्वी कपाळ धुऊन कोरडे करावे आणि तेथे क्रीम किंवा तेल लावू नये. त्वचा फार कोरडी असेल तर ओल्या बोटाने रुपेरी कापडाला किंचित ओल द्यावी. काही मिनिटांत त्वचेचा स्वाभाविक ओलावा पुढचे काम सांभाळतो. केस कापडाखाली अडकू देऊ नयेत.

पहिल्या रात्रीच्या आलेखावरून निष्कर्ष काढू नये, किमान चार-पाच रात्री पाहाव्यात. यंत्र दर 30 सेकंदांना एक अवस्था ठरवते. झोपेच्या प्रयोगशाळांतही 1968 पासून एवढ्याच लांबीचे तुकडे पाहण्याची रीत आहे. नोंदींत 1 म्हणजे जाग, 2 म्हणजे रेम, 3 म्हणजे हलकी झोप आणि 4 म्हणजे गाढ झोप, आणि जेथे यंत्राला काहीच ठरवता आले नाही तेथे 0. हे शून्यच पट्ट्याच्या प्रकृतीचे खरे मोजमाप आहे. मी दर आठवड्याला शून्यांची संख्या वहीत लिहितो आणि ती सलग वाढू लागली की पट्टा धुतो. धुऊनही ती उतरली नाही तर नवा शिवायला घेतो.

शून्ये कमी असूनही आलेख शंकास्पद वाटला तर त्याचा आकार पाहावा. निरोगी प्रौढाच्या झोपेची आवर्तने साधारण 90 मिनिटांची असतात, गाढ झोप बहुतांशी रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात येते, रेम पहाटेकडे वाढत जाते आणि एकूण झोपेत तिचा वाटा सर्वसाधारणपणे 20 ते 25 टक्के असतो. वाढत्या वयाबरोबर गाढ झोप कमी होते, त्यामुळे ती थोडी दिसली म्हणून यंत्राला दोष देऊ नये. रात्रभर जाग आणि रेम यांचीच सरमिसळ दिसत असेल, गाढ झोप एकाही रात्री येत नसेल आणि तुम्ही मात्र ताजेतवाने उठत असाल, तर संशय आधी पट्ट्यावर घ्यावा. एका वेळी एकच बदल करावा. पट्टा, कार्ड आणि अडॅप्टर एकाच दिवशी बदलले की सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

निरोगी प्रौढांवर या यंत्राची प्रयोगशाळेतील तपासणीशी तुलना करणारा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला आहे, तरीही हे वैद्यकीय उपकरण नव्हे. घोरताना श्वास अडणे किंवा दिवसा अनावर झोप येणे अशा तक्रारींसाठी डॉक्टरांकडेच जावे. श्वास अडल्याची नोंद हे यंत्र घेतच नाही.

पाचवी पायरी: नोंदी वाचणे

संकेतस्थळ गेल्यापासून कार्डावरची फाइल आपणच उलगडावी लागते. कंपनीने फाइल वाचण्यासाठी जावा भाषेतील एक साधन खुले केले होते आणि त्याच्या प्रती अजून वापरात आहेत. ते दर रात्रीची एक ओळ असलेली सीएसव्ही फाइल तयार करते, आणि ती कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. आलेख हवे असतील तर ऑस्कर हा मोफत प्रोग्राम उपयोगी पडतो. तो मुळात सीपॅप, म्हणजे झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्रांच्या नोंदी पाहण्यासाठी बनला असला तरी झिओची सीएसव्ही फाइलही आयात करतो. ही साधने, त्यांना लागणारी जावाची आवृत्ती आणि यंत्राचे माहितीपुस्तक यांच्या प्रती नोंदींच्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. आज सापडते ते पाच वर्षांनी सापडेलच असे धरून चालू नये.

ज्यांना अवस्थांच्या पलीकडे जाऊन मूळ लहर पाहायची आहे त्यांच्यासाठी उशाजवळच्या यंत्राच्या मागे एक सिरीअल जोडणी आहे. योग्य फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत बसवलेला प्रोग्राम, असल्यास तेथून दर सेकंदाला 128 नमुने मिळतात. नवख्यांनी या वाटेला लगेच जाऊ नये, आणि चालू यंत्राचे फर्मवेअर केवळ कुतूहलापोटी तर मुळीच बदलू नये.

फोनवरचा प्रकार असेल तर

येथे खरी दुरुस्ती फोनची असते. अॅप अधिकृत दुकानांतून गेलेले आहे. आयओएस 11 ने 2017 मध्ये 32-बिट अॅप चालवणे थांबवले आणि अँड्रॉइड 14 फार जुन्या आवृत्तीसाठी बनलेली अॅप बसवूच देत नाही. त्यामुळे ज्या जुन्या फोनवर हे अॅप आधीच चालू आहे तो फोन पट्ट्याचाच भाग मानावा. त्याचे आपोआप होणारे अपडेट बंद करावेत, तो फॅक्टरी रीसेट करू नये, विमान मोडवर ठेवून केवळ ब्लूटूथ चालू करावे आणि रोजच्या व्यवहारासाठी वापरू नये. कुठूनतरी मिळालेली अॅपची फाइल बसवायचीच असेल तर ती अशाच रिकाम्या, बँकेचे किंवा ईमेलचे खाते नसलेल्या फोनवर बसवावी. पट्ट्याचे काम दोन्ही प्रकारांत सारखेच आहे, त्यामुळे तिसरी पायरी येथेही जशीच्या तशी लागू होते.

सुटे भाग साठवताना

डबी दीर्घकाळ वापरायची नसेल तर बॅटरी साधारण अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि काही महिन्यांनी पुन्हा अर्ध्यापर्यंत आणावी. शिवलेले जादा पट्टे आणि उरलेले रुपेरी कापड हवाबंद पिशवीत ठेवावे, आणि त्या पिशवीत किंवा गुंडाळीभोवती रबर बँड लावू नये. रबरात गंधक असते, त्याने चांदी काळी पडते, आणि न वापरलेले कापडही जुन्या पट्ट्याइतकेच निकामी होते. गुंडाळी सुती दोऱ्याने बांधावी.